अ‍ॅल्युमिनियमच्या नावेत बॅटरी ठेवताना या चुका टाळा

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या नावांमध्ये बॅटरी बहुधा सायकलच्या जुन्या ट्यूबने बांधलेली असते, आणि "मजबूत आहे जी" असे वरून सांगितले जाते. रबर ताणले जाते, हेच मुळी ते बांधण्यासाठी वापरू नये याचे कारण आहे. १०० अ‍ॅम्पिअर-अवरची बॅटरी तीस किलोच्या आसपास भरते. लाट आली की ते वजन ट्यूबला जुमानत नाही.

दोन पावसाळ्यांपूर्वी गोसीखुर्दच्या धरणात जाळे टाकायला गेलेल्या माझ्या एका परिचिताची बॅटरी अशीच कलंडली आणि तिचे धन टर्मिनल थेट बाजूच्या पत्र्याला टेकले. एवढ्यावर काही बिघडले नसते. पण ट्रॅक्टरला करतात तसे त्यांनी ऋण वायरचे टोक नावेच्या सांगाड्यालाच कसून वायर वाचवली होती. ठिणग्या उडाल्या, पत्रा वितळून तुरीच्या दाण्याएवढे छिद्र पडले, आणि दोघे जण डब्याने पाणी उपसत कसेबसे काठाला लागले. फ्यूज होता, पण टर्मिनलच पत्र्याला टेकल्यावर वायरीवरचा फ्यूज काय करणार?

म्हणून नावेच्या पत्र्याला परतीची वायर कधीही समजू नये. धन आणि ऋण अशा दोन्ही वायरी बॅटरीपासून मोटारीपर्यंत स्वतंत्र न्याव्यात. पत्र्यातून सतत थोडा प्रवाह गळत राहिला तरी पाण्याखालचा अ‍ॅल्युमिनियम खात जातो, आणि ते छिद्र पडेपर्यंत कळत नाही. दोन्ही टर्मिनलांवर रबरी टोप्या हव्यातच. त्या नसतील, तर पाना किंवा जाळ्याची साखळी वर पडली तरी पुरे.

बॅटरी झाकणाच्या प्लॅस्टिकच्या खोक्यात ठेवावी, खोके बाकाखालच्या रंगवलेल्या फळीला स्क्रूने कसावे आणि वरून बकलचा नायलॉन पट्टा आवळावा. बुडाच्या पत्र्याला भोक पाडून खोके बसवणारे उतावळे कारागीर मी पाहिले आहेत. त्यांच्याविषयी न बोललेलेच बरे. अमेरिकेच्या नौकानियमांनुसार ९० पौंड किंवा बॅटरीच्या वजनाच्या दुप्पट, यांपैकी जो कमी असेल तेवढा जोर लावूनही ती १ इंचापेक्षा जास्त हलता कामा नये. मी काटा लावत नाही, दोन्ही हातांनी सर्व बाजूंनी ओढून पाहतो आणि बॅटरी बोटभर जरी हलली तरी नाव परत देत नाही.

झाकण मात्र हवाबंद नको. पाणी घालायच्या बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले की ठिणगी पुरते. मी बॅटरी घरी नेऊन मोकळ्या जागेत चार्ज करतो. आमच्या मे महिन्याच्या उन्हात ती नावेत तापत ठेवणे असेही वाईटच.

फ्यूज धन टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत असावा. बॅटरी काढताना ऋण वायर आधी सोडावी, लावताना शेवटी जोडावी.

अ‍ॅसिड सांडले तर खाण्याच्या सोड्याचे पाणी ओतावे आणि फेस थांबला की साध्या पाण्याने ती जागा भरपूर धुवावी. सोडाही पत्र्यावर वाळू देऊ नये, कारण अ‍ॅल्युमिनियमला अल्कलीही मानवत नाही.