पीएमएफएमईचं ३५ टक्के अनुदान: फॉर्म नंतर, आधी बँकेचं गणित

"दादा, त्या प्रक्रिया उद्योगाच्या योजनेत १० लाख मिळतात ना, फॉर्म कुठे भरायचा?" हा प्रश्न मला बचत गटातल्या ताया, शेती करणारी पोरं, नोकरी सोडून गावाकडं आलेले सगळेच विचारतात. फॉर्म कुठे भरायचा ते सांगतोच, पण त्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं चुकतं. ही पैसे वाटायची योजना नाही, ही कर्जाला जोडलेली योजना आहे. बँकेनं कर्ज दिलं तरच अनुदान, कर्ज नाही तर काहीच नाही. आणि १० लाख ही कमाल मर्यादा आहे, ती सरसकट सगळ्यांना मिळत नाही.

योजनेचं पूर्ण नाव प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग उन्नयन योजना, सगळे पीएमएफएमई म्हणतात. जून २०२० मध्ये आत्मनिर्भर भारत अभियानातून सुरू झाली, १०,००० कोटींची तरतूद, त्यात केंद्राचा वाटा ६० आणि राज्याचा ४० टक्के. मूळ मुदत २०२४-२५ पर्यंत होती, ती पुढे २०२५-२६ पर्यंत वाढवली, त्यामुळे कागदं गोळा करायच्या आधी तालुका कृषी कार्यालयात एक चक्कर मारा आणि नवीन अर्ज घेणं चालू आहे का, जिल्ह्याचं टार्गेट शिल्लक आहे का, एवढं विचारून या. आपल्याकडं ही योजना कृषी विभाग राबवतो, जिल्ह्याला जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांचं ऑफिस बघतं. बरेच जण जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन बसतात, तिथं दुसऱ्या योजना आहेत, ही नाही.

आता पैशाचं बघू. एकट्या माणसाला पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख. स्वतःचे किमान १० टक्के घालायचे, बाकी बँकेचं कर्ज. यात 'पात्र' हा शब्द महत्त्वाचा. जागेची किंमत यात धरत नाहीत. खेळतं भांडवल म्हणजे कच्चा माल, पॅकिंग, पगार याला बँक कर्ज देऊ शकते पण त्यावर अनुदान नाही. अनुदान मिळतं ते मशिनरीवर आणि त्या मशिनरीसाठी लागणाऱ्या बांधकामावर, आणि ते बांधकामही पात्र खर्चाच्या ३० टक्क्यांच्या वर जाऊन चालत नाही. अनुदानात घराचा स्लॅब टाकून घेऊ असा विचार असेल तर तो आत्ताच सोडा.

सोलापूरचं उदाहरण घेऊ. 'एक जिल्हा एक उत्पादन' मध्ये, म्हणजे प्रत्येक जिल्ह्याला ठरवून दिलेल्या पदार्थाच्या यादीत, सोलापूरला ज्वारी आहे (कोल्हापूरला गूळ, जळगावला केळी, हिंगोलीला हळद, असं प्रत्येक जिल्ह्याचं आहे, पण दुसरा पदार्थ असला तरी अर्ज चालतो, सुरुवातीला नवं युनिट ठरलेल्या पदार्थाचंच लागायचं, ती अट नंतर काढली). समजा एखाद्या ताईला ज्वारीचं पीठ, रवा आणि कडक भाकरी असं युनिट टाकायचंय. धान्य साफ करायचं मशीन, खडे काढायला डिस्टोनर, दळायला पल्व्हरायझर, चाळणी, भाकरीचं मशीन, पॅकिंग मशीन असं मिळून ८ लाख. मशीनचा पाया, धुता येईल अशी फरशी, वायरिंग वगैरे ३ लाख. एकूण ११ लाख. बांधकाम ३० टक्क्यांच्या आत बसलं. ताईचे स्वतःचे १ लाख १० हजार, बँकेचं कर्ज ९ लाख ९० हजार, अनुदान ३ लाख ८५ हजार.

हे ३ लाख ८५ हजार ताईच्या हातात येत नाहीत, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. कर्ज वाटप झालं की बँक पोर्टलवर अनुदानाची मागणी टाकते, मग ती रक्कम नोडल बँक, म्हणजे योजनेचं अनुदान पुढं पाठवणारी बँक, असलेल्या युनियन बँकेकडून तुमच्या शाखेत येते आणि तुमच्या कर्ज खात्याला जोडलेल्या वेगळ्या खात्यात पडून राहते. ती जमा झाली की तेवढ्या रकमेवर बँक व्याज लावत नाही. कर्जाचा शेवटचा हप्ता उचलल्यापासून ३ वर्षांनी, युनिट चालू असेल आणि खातं थकीत नसेल तर ती रक्कम कर्जातून वजा होते. मधेच खातं एनपीए झालं, म्हणजे हप्ते थकून बुडीत धरलं गेलं, तर बँक ती रक्कम थकलेल्या कर्जातच वळती करून घेते. म्हणजे पहिली ३ वर्षं हप्ते भरायची ताकद धंद्यातच पाहिजे, अनुदान धरून नाही.

म्हणून मी आधी हप्त्यापासून उलटं गणित मांडायला लावतो. ९ लाख ९० हजार कर्ज, ११ टक्के व्याज आणि ७ वर्षं मुदत धरली तर महिन्याचा हप्ता १७ हजारांच्या आसपास जातो. आता समजा ज्वारी, लाईटबिल, मजुरी, पिशवी, गाडीभाडं सगळं जाऊन किलोमागं ४ रुपये उरतात, तर नुसत्या हप्त्यासाठी महिन्याला सव्वाचार हजार किलो पीठ विकलं पाहिजे. पंचवीस दिवस काम धरलं तर रोज १७० किलो. दळणं सोपं आहे, मशीन ते दोन तासात करेल, पण रोज १७० किलो घेणार कोण? कुठली दुकानं, कुठली मेस, पुण्या-मुंबईचा कोण व्यापारी? याचं उत्तर कागदावर लिहिता आलं तर प्रोजेक्ट रिपोर्ट अर्धा झाला समजा. कडक भाकरीत किलोमागं जास्त सुटतं पण हात जास्त लागतात, तेही त्याच कागदावर मांडा. आणि गणित बसत नसेल तर मशीन लहान करा, कर्ज कमी करा, लहान सुरुवात करण्यात काहीच कमीपणा नाही.

अर्ज कसा करायचा ते आता. अन्न प्रक्रिया उद्योग मंत्रालयाच्या पीएमएफएमई पोर्टलवर ऑनलाइन अर्ज असतो, पण एकट्यानं सायबर कॅफेत बसून भरू नका, आधी आपल्या जिल्ह्याच्या डीआरपीला म्हणजे जिल्हा संसाधन व्यक्तीला गाठा. कृषी ऑफिसात यादी आणि फोन नंबर मिळतात. डीआरपीचं काम म्हणजे प्रोजेक्ट रिपोर्ट बनवून देणं, अर्ज भरणं, बँकेत पाठपुरावा करणं, नंतर उद्यम (लघुउद्योगाची नोंदणी), जीएसटी, एफएसएसएआय (अन्न सुरक्षेची नोंदणी) अशा नोंदण्यांना मदत करणं. या कामाचं मानधन सरकार देतं, केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत मंजूर प्रकरणामागं २० हजार धरलेत, अर्धे कर्ज मंजुरीनंतर आणि अर्धे युनिट उभं राहून नोंदण्या झाल्यावर. तुम्ही त्याला एक रुपयाही द्यायचा नाही. "अनुदानाचे १० टक्के द्या, फाईल करून देतो" म्हणणारे एजंट गावोगाव फिरतात, बचत गटाच्या तायांनी साठवलेले पैसे असे जाताना बघितलेत म्हणून हे परत परत सांगतो. कर्ज मंजूर करणं एजंटच्या हातातच नसतं.

कागदपत्रं अशी: आधार, पॅन, पासबुक, निदान ६ महिन्यांचं बँक स्टेटमेंट, फोटो, जागेचा पुरावा म्हणजे ८-अ, सातबारा नाहीतर रजिस्टर केलेला भाडेकरार, लाईटबिल, मशिनरीची कोटेशन, आणि धंदा आधीपासून चालू असेल तर त्याचे हिशोब. उद्यम नोंदणी ऑनलाइन फुकट होते, त्याचे हजार-दीड हजार कुणाला देऊ नका. भाडेकरार ११ महिन्यांचा असेल तर ७ वर्षांचं कर्ज देताना बँक मॅनेजर तिथंच अडतो, त्यामुळे जागा दुसऱ्याची असेल तर लांब मुदतीचाच करार करून घ्या. वय १८ पूर्ण पाहिजे आणि एका कुटुंबातून एकालाच लाभ, कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि मुलं. तेव्हा कुणाच्या नावावर करायचं ते सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, बघून ठरवा. नवऱ्याचं पीककर्ज थकलेलं असेल आणि बायकोचं खातं स्वच्छ असेल तर तिच्या नावावर करणं शहाणपणाचं, तसंही काम तीच करणार असते.

कोटेशनवर जरा थांबतो, कारण फायली इथं जास्त अडकतात. जीएसटी नंबर असलेल्या पक्क्या दुकानदाराचं किंवा कंपनीचं घ्या, त्यावर मॉडेल, ताशी किती किलो, किती एचपीची मोटर, सिंगल फेज का थ्री फेज, स्टील फूड ग्रेड आहे का, जीएसटी वेगळा की धरून, गाडीभाडं आणि फिटिंग कुणाकडं, हे सगळं लिहून पाहिजे. 'मसाला मशीन - १ नग - ४,५०,०००' एवढंच लिहिलेलं कोटेशन बघून मॅनेजर काय समजणार? दोन-तीन ठिकाणची घ्या आणि शक्य असेल तर तेच मशीन चालू असलेल्या कुणाच्या तरी युनिटवर जाऊन आवाज, धूळ, तासाला खरंच किती माल निघतो ते डोळ्यानं बघा. थ्री फेज लागणार असेल तर महावितरणच्या कनेक्शनचा खर्च आणि लागणारा वेळ आधीच धरा, मशीन येऊन पडलंय आणि लाईट नाही पण हप्ता चालू झालाय, असं व्हायला नको. आणि कर्ज मंजुरीच्या आधी मशीन घेऊ नका, स्वतःच्या पैशानं आधीच घेतलेल्या मशीनवर हे कर्ज बसत नाही आणि कर्ज नाही म्हणजे अनुदानही नाही.

अर्ज तपासून झाला की जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढं जातो, तिथून शिफारस होऊन बँकेकडं. समितीची शिफारस म्हणजे मंजुरी नाही, इथं बऱ्याच जणांचा गैरसमज होतो आणि पेढे वाटून मोकळे होतात. खरी परीक्षा शाखेत. मॅनेजर विचारणार माल कुठं विकणार, आधी काय केलंय, घरात दुसरं उत्पन्न काय. डीआरपीनं बनवलेला रिपोर्ट स्वतः वाचून, समजून जा, आकडे तुमच्या तोंडात पाहिजेत. आधी घरून थोडं काम करत असाल तर विक्रीची वही, बिलं, फोनपेचे हिशोब न्या, कोऱ्या रिपोर्टपेक्षा ती मळकी वही मॅनेजरला जास्त पटते. तारणाचा विषय निघाला तर नम्रपणे पण ठामपणे सांगा की सूक्ष्म उद्योगाला निदान १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण घेऊ नये अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे, त्या मर्यादेच्या वर सीजीटीएमएसईची, म्हणजे लहान उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी ट्रस्टची, हमी घेता येते. नकार दिला तर कारण लेखी मागा आणि तो कागद घेऊन डीआरपीकडं जा, दुसऱ्या शाखेत प्रकरण पाठवता येतं.

बचत गटांसाठी वेगळी सोय आहे ती विसरू नका. आधीपासून अन्न प्रक्रिया करणाऱ्या सदस्याला प्रत्येकी ४० हजारांपर्यंत बीज भांडवल, लहान अवजारं आणि खेळतं भांडवल यासाठी. ते उमेदच्या, म्हणजे राज्याच्या बचत गट अभियानाच्या, ग्रामसंघ-प्रभागसंघाच्या मार्गानं येतं, त्यासाठी तुमच्या सीआरपी ताईंशी, म्हणजे गावात गटांचं काम बघणाऱ्या ताईंशी, बोला. पापड, शेवया, चटणी घरून करणाऱ्या बाईला एवढ्यात चांगला मिक्सर, सीलिंग मशीन, वजनकाटा आणि महिन्याचा कच्चा माल येतो, मोठ्या कर्जाच्या आधी हा रस्ता मला जास्त आवडतो.

शेतकरी कंपनी, गटांचा संघ, सहकारी संस्था यांना सगळ्यांनी मिळून वापरायची सोय उभी करायची असेल, म्हणजे प्रतवारी, गोदाम, शीतगृह, सामाईक प्रक्रिया केंद्र, तर तिथंही ३५ टक्के, मर्यादा ३ कोटी. एकत्र ब्रँड आणि मार्केटिंगला ५० टक्के. गोदाम, पॅकहाऊस, केळी पिकवायचं रायपनिंग चेंबर यासाठी कृषी पायाभूत सुविधा निधी, म्हणजे एआयएफ, बघा. त्यात अनुदान नाही पण २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत, जास्तीत जास्त ७ वर्षं. पीएमएफएमईच्या कर्जाला एआयएफची सवलतही जोडता येते, पण मॅनेजर स्वतःहून सांगेलच असं नाही, तुम्ही विचारा, एआयएफचा वेगळा पोर्टल अर्ज करावा लागतो.

शेवटचं काम कर्ज वाटप झाल्यावरचं. बँकेनं अनुदानाची मागणी पोर्टलवर टाकली का हे महिन्याभरात शाखेत जाऊन विचारा, कारण ती टाकून रक्कम जमा होईपर्यंत पूर्ण कर्जावर व्याज चालू राहतं. रक्कम जमा झाली की त्या खात्याचा उतारा मागून फाईलला लावा. एफएसएसएआयची नोंदणी किंवा लायसन्स माल बाजारात जायच्या आधी हातात पाहिजे, आणि त्याचा नंबर पिशवीवर छापायचा असतो, म्हणून तो मिळाल्याशिवाय पिशव्यांची ऑर्डर देऊ नका.