ठाण्याला गोधडीचं कापड घ्यायला जाताय? या चुका टाळा

घराजवळच्या दुकानातलं कापड अर्धा मीटर कमी पडलं तर संध्याकाळी चक्कर मारून आणता येतं. नाशिकहून किंवा सोलापूरहून लग्नाकार्यासाठी ठाण्याला आलात आणि नौपाड्यातल्या आवडत्या दुकानात शिरलात, तर ती सोय नसते. पुढच्या खेपेला तो थान, म्हणजे कापडाचा अख्खा गठ्ठा, संपलेला असतो. नवा आला तरी रंगाची छटा थोडी वेगळी निघते. म्हणून परगावच्या खरेदीतली मोठी चूक दुकानात होत नाही, हिशोब न करता घरातून निघण्यात ती आधीच झालेली असते.

"पाच मीटर पुरतील" हा अंदाज

एकेरी पलंगाची ६० × ९० इंची गोधडी घ्या. वरच्या थराला ६ इंची चौकोन लावायचे तर १० × १५ म्हणजे १५० चौकोन लागतात. चारी बाजूंना पाव-पाव इंच शिवण धरून प्रत्येक चौकोन साडेसहा इंचाचा कापायचा. ४४ इंच पन्ह्यातून (पन्हा म्हणजे कापडाची रुंदी) काठ सोडून ४२ इंच हाताशी राहतात, म्हणजे एका ओळीत ६ चौकोन. पाच वेगवेगळी कापडं घेतली तर प्रत्येकातून ३० चौकोन, ५ ओळी, साडेबत्तीस इंच. एक मीटर म्हणजे ३९ इंच, तेव्हा धुऊन आटलं तरी पुरतं.

हाच हिशोब ३६ इंच पन्ह्याच्या कापडाला लावला की फसतो. एका ओळीत ५ चौकोन, ओळी ६, लांबी नेमकी ३९ इंच. कागदावर मीटरभर बरोबर बसतं, पण सुती कापड पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आटतं आणि शेवटची ओळ हातची जाते. तिथे सव्वा मीटर घ्यायचं. खणाचा पन्हा आणखी अरुंद, साधारण ३०–३२ इंच. ओळीत ४ चौकोन बसतात, म्हणून दीड मीटर. भाव विचारण्याआधी "काका, पन्हा किती?" हे विचारा. स्वस्त वाटलेलं कापड अरुंद असेल तर महाग पडतं.

अस्तर चारी बाजूंनी ४ इंच जास्त हवं, म्हणजे ६८ × ९८ इंच. ४४ इंच पन्ह्याच्या दोन लांब्या जोडायच्या तर १९६ इंच, जवळजवळ ५ मीटर. आटणं धरून साडेपाच घ्या. ९० इंच पन्ह्याचं चादरीचं कापड मिळालं तर २.६५ मीटरमध्ये, मधली शिवण न घालता काम होतं. गोटासाठी, म्हणजे कडेच्या पट्टीसाठी, अडीच इंची ८ पट्ट्या लागतात, त्याला ६० सेंटिमीटर पुरे.

जुने दुकानदार बोलता बोलता 'वार' म्हणतात. वार ३६ इंचांचा. पाच मीटर समजून पाच वार घेतलं तर जवळपास १७ इंच कमी येतं. कागदावर इंचातला आकडा लिहून न्या आणि मोजताना पट्टीकडे लक्ष ठेवा.

दुकानातल्या दिव्याखाली रंग ठरवणं

पिवळट दिव्याखाली मोरपंखी आणि हिरवा एकसारखे दिसतात. थान उचलून दारापर्यंत न्यायला संकोच करू नका, रोजचे गिऱ्हाईक तेच करतात. जुन्या गोधडीला जोड हवी असेल तर तिच्या कापडाचा तळहाताएवढा तुकडा सोबत हवा. मोबाइलमधल्या फोटोवरून रंग जुळवणं व्यर्थ. फोटोचा खरा उपयोग वेगळा आहे: निवडलेली सगळी कापडं शेजारी ठेवून कृष्णधवल फोटो काढा. सगळं एकाच राखाडी रंगात आलं तर गोधडीत नक्षी उठणार नाही. एक फिकं किंवा एक गडद कापड बदला.

टेरिकॉट आणि कच्चा रंग

कटपीसच्या ढिगात सुती आणि टेरिकॉट (पॉलिएस्टर मिसळलेलं सुती) एकत्र पडलेले असतात. टेरिकॉट आटत नाही, शेजारचं सुती आटतं, आणि पहिल्या धुण्यानंतर गोधडी जागोजागी चुण्या धरते. ओळख सोपी आहे. कडेचे चार धागे काढून घ्या आणि दुकानाबाहेर, कापडांपासून दूर, काडीने जाळा. सुती कागदासारखं जळून मऊ राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी बनतो. अस्तरासाठी कटपीस घेऊच नका, ठिगळांसाठी चालतं. मात्र उजेडात धरून विणीतली भोकं पाहा.

लाल, मरून, निळीचं आणि अजरख (ठशांनी छापलेलं गडद कापड) असेल तर ओला पांढरा रुमाल कोपऱ्यावर घासा, अर्थात विचारून. रुमालाला थोडा रंग लागला तर आधी वेगळं धुऊन चालेल. भळाभळा लागला तर सोडून द्या. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो ही समजूत घराघरात आहे, पण विकत घेतलेल्या रंगीत कापडावर त्याचा भरवसा नाही. प्रत्येक गडद कापड निराळं, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुणं हाच उपाय.

कापड फाडून देतात की कात्रीने कापून, तेही बघा. फाडलेलं धाग्याच्या रेषेत येतं पण कड ताणली जाते, म्हणून १० सेंटिमीटर जास्त मागा. कापल्यावर परत घेत नाहीत, ते योग्यच आहे.

वेळ आणि वाट

गणपती-दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात ठाण्याच्या बाजारात, जांभळी नाक्यावर, थान उलगडून दाखवायला कुणाला फुरसत नसते. इतर दिवशी निघण्याआधी फोन करून साप्ताहिक आणि दुपारची सुट्टी विचारा. वाशीहून ट्रान्स-हार्बरने आलात तर गाडी ठाण्याच्या नऊ-दहा नंबरला लागते. पूल ओलांडून पश्चिमेला उतरा, नौपाड्यातले गोखले रोड आणि राम मारुती रोड चालत गाठता येतात. वरचं सगळं कापड मिळून दीड किलोच्या आसपास भरतं, पण गोधडीत घालायचा वॅडिंगचा रोल सोबत घेतलात तर संध्याकाळच्या लोकलमध्ये चढणं अवघड. तो आपल्या गावी घ्या.

नवी मुंबईत बेलापूरला अर्बन हाट हे हस्तकलेच्या मेळ्यांचं ठिकाण आहे, तिथे हातमागाचं आणि ठशांचं कापड मेळ्यांमधून मिळतं. आज बसलेला कारागीर पुढच्या मेळ्यात असेलच असं नाही. तिथे प्रत्येक प्रकाराचं पाव मीटर जास्तच घ्या. मेळा चालू आहे का, हे आधी विचारून घ्या.

पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न्या आणि घरी पोचताच बाहेर काढा. दमट घडी दोन दिवस बंद राहिली तर कुबट वास धरते.

तरीही बिघडलं तर

कापड कमी पडलं: चौकोनांच्या मध्ये दीड इंची साध्या रंगाची पट्टी घाला. दहा रांगांमध्ये नऊ पट्ट्या येतात, शिवणीनंतर प्रत्येकी एक इंच भरली तरी रुंदी ९ इंचांनी वाढते, म्हणजे चौकोनांची एक अख्खी रांग वाचते. दुकानात फोन करायचा असेल तर काठावर छापलेलं गिरणीचं नाव कळवा. म्हणून काठाची एक पट्टी बिलासोबत ठेवायची.

शिवलेल्या गोधडीत रंग पसरला: वाळू देऊ नका, इस्त्री तर मुळीच नको. वाळलेला डाग निघणं फार कठीण. मोठ्या टपात भरपूर कोमट पाणी आणि डिटर्जंट घेऊन गोधडी पूर्ण बुडवा, वर एकही कोपरा तरंगता कामा नये. पाणी रंगीत झालं की बदला, स्वच्छ राहीपर्यंत. याला रात्रभर लागू शकते.