हलका आठवडा कसा घ्यावा: स्नायू वाढवणाऱ्यांसाठी विश्रांतीचं वेळापत्रक

वजन उचलत असताना स्नायू वाढत नाही. व्यायामानंतर साधारण २४ ते ४८ तास स्नायूंत नवी प्रथिनं बनण्याचा वेग चढा राहतो आणि खरी वाढ त्या वेळात होते. तरी बहुतेक जिममध्ये हातात पडणारा चार्ट सोमवार ते शनिवार गच्च भरलेला असतो, आणि रविवारी जिम बंद म्हणून सुट्टी. याला विश्रांतीचं नियोजन म्हणत नाहीत. विश्रांती सेट-रेप्ससारखी वहीत लिहून घ्यावी लागते. (रेप म्हणजे एकदा वजन उचलणं, सेट म्हणजे न थांबता काढलेले काही रेप्स.)

निदान सहा महिने नियमित वजन उचलणाऱ्या आणि व्यायामाची वही ठेवणाऱ्या माणसासाठी हे लिहितो आहे.

१. आठवडा मांडा. एकाच स्नायूच्या दोन जड दिवसांत निदान ४८ तासांचं अंतर ठेवा. सोमवारी वरचं अंग, मंगळवारी पाय, गुरुवारी पुन्हा वरचं, शुक्रवारी पुन्हा पाय. नोकरी आणि प्रवास सांभाळून चार दिवस पुष्कळ झाले.

२. दोन सेटमध्ये थांबा. स्क्वॉट, डेडलिफ्ट, बेंच प्रेस अशा जड व्यायामांना २ ते ३ मिनिटं, घड्याळ लावून. ‘अंग गार पडेल, उचल लगेच’ हा सल्ला ऐकू नका. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३ मिनिटं थांबणाऱ्यांची ताकद आणि मांडीच्या स्नायूंची जाडी १ मिनिट थांबणाऱ्यांपेक्षा जास्त वाढली.

३. झोपा. सात तासांच्या खाली नाही. २०१० मधल्या एका प्रयोगात कमी खाऊन वजन उतरवणाऱ्या त्याच माणसांना १४ दिवस साडेआठ तास आणि १४ दिवस साडेपाच तास झोपेसाठी दिले. दोन्ही वेळा वजन जवळपास सारखंच उतरलं. पण कमी झोपेत चरबी कमी गेली आणि चरबीखेरीजचं वजन ६० टक्के जास्त गेलं. रात्री आठला जिमला जाणाऱ्यांनी प्री-वर्कआउट पावडर, म्हणजे व्यायामाआधी घ्यायची कॅफिनवाली पावडर, बंद करावी. कॅफिनचा निम्मा भाग पाच-एक तासांनीही रक्तात असतो, मग बारा वाजता डोळा कसा लागणार?

४. हलका आठवडा घ्या, म्हणजे सात दिवस ठरवून नेहमीपेक्षा कमी उचला. इंग्रजीतून आलेलं नाव डिलोड. हाच टप्पा जमायला मला सगळ्यात जास्त काळ लागला, आणि चांगली मेहनत करणारी मुलं इथेच अडकलेली मी बघतो. कारण साधं आहे. अंगात जोर असताना कमी उचलणं म्हणजे आळस वाटतो. आजवर कमावलेलं सगळं एका आठवड्यात जाईल अशी भीती असते. ती भीती खोटी आहे. जपानमध्ये २४ आठवड्यांचा एक प्रयोग झाला. एका गटाने सलग बेंच प्रेस केला. दुसऱ्याने दर ६ आठवड्यांनी ३ आठवडे व्यायाम पूर्ण थांबवला. शेवटी दोघांचे स्नायू जवळपास सारखेच वाढले होते. तीन आठवडे बंद ठेवून हे होतं, तर सात दिवस कमी उचलून काय गमावणार?

कधी घ्यायचा, हे वही सांगते. तेच वजन, नीट झोप, नीट जेवण, तरी लागोपाठ दोन वेळा रेप्स कमी निघाले, की घ्या. खांदा, कोपर किंवा गुडघा सांध्यातून दुखायला लागला, तरी घ्या. यातलं काहीच झालं नाही तरी सहा ते आठ आठवड्यांनी एक हलका आठवडा मी आधीच लिहून ठेवतो. थकलो की बघू म्हणणारा माणूस थकल्यावर जास्तच पेटून उचलतो.

घ्यायचा कसा? जिमचे दिवस तेच, व्यायाम तेच. सेट निम्मे. चार करत असाल तर दोन. वजन नेहमीच्यापेक्षा साधारण १० टक्के कमी, आणि प्रत्येक सेट अजून तीन-चार रेप्स सहज निघतील अशा ठिकाणी सोडायचा. पाऊण तासाच्या आत घरी. वजन एकदम निम्म्यावर आणून पन्नास-पन्नास रेप्स काढण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नका, त्याने थकवा उतरत नाही, नव्याने चढतो.

मोकळा वेळ आहे म्हणून या आठवड्यात सिंहगडही नको. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार घेतो, आणि अशा कामाने तो सगळ्यात जास्त दुखावतो. चाला, पण सपाटीवर. जेवण कापू नका: शरीराच्या दर किलोमागे १.६ ग्रॅम प्रथिनं याही आठवड्यात हवीतच. मोड आलेल्या उसळीवर तेवढं भागत नाही. अंडी, चिकन, मासे किंवा पनीर, दही, सोयाबीन मोजून खा. व्यायाम झाल्या झाल्या बर्फाच्या पाण्यात बसायची टूम एरवीही सोडा, तिने स्नायूंची वाढ मंदावते.

अंग आंबणं हे मोजमाप धरू नका. ते दुखणं दोन-तीन दिवसांत उतरतं. त्याचा दोष व्यायामात स्नायूंत तयार होणाऱ्या लॅक्टिक ॲसिडला देतात, पण ते तास-दीड तासात साफ झालेलं असतं. दुखलं नाही म्हणून व्यायाम फुकट गेला, असंही नाही. मात्र खूप दिवसांनी एकदम जास्त केल्यावर स्नायू सुजले आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्नायू फुटून त्यातला भाग मूत्रपिंडावर येत असतो, पाणी पिऊन वाट बघत बसायचं नसतं.

५. परत या. सोमवारी अंगात जोर येईल आणि मित्र कमाल वजन लावायला सांगतील. लावू नका. हलक्या आठवड्याआधीचंच वजन, तेवढेच रेप्स. सहज निघाले तर पुढच्या खेपेला अडीच किलो चढवा. निघाले नाहीत तर आधी झोप आणि ताट तपासा. दोन्ही ठीक असतील तर प्रत्येक व्यायामातला एक सेट कायमचा काढून टाका आणि तीन आठवडे वहीकडे बघत राहा.