नोकरीतल्या वर्णभेदावरचा रिसर्च पेपर कसा वाचायचा

सोशिऑलॉजी किंवा इकॉनॉमिक्सला असाल आणि या विषयावर प्रोजेक्ट करायचा असेल तर दहा पेपरांचे सारांश चाळत बसू नका, एकच पेपर घ्या आणि नीट वाचा. माझ्या मते सुरुवातीला बर्ट्रांड आणि मुल्लैनाथन या अर्थशास्त्रज्ञांचा २००४ चा पेपर घ्यावा, भाषा सोपी आहे.

आधी बघा की काय सारखं ठेवलं आणि काय बदललं. त्यांनी बॉस्टन आणि शिकागोच्या वर्तमानपत्रांतल्या नोकरीच्या जाहिरातींना जवळपास ५००० बनावट रेझ्युमे पाठवले, शिक्षण-अनुभव एकाच तोडीचे, पण कुठे नाव एमिली, ग्रेग (गोऱ्यांचं वाटणारं) तर कुठे लकिशा, जमाल (कृष्णवर्णीयांचं वाटणारं), आणि कोणत्या रेझ्युमेवर कोणतं नाव टाकायचं ते रँडम. त्यामुळे मुलाखतीसाठीचे कॉल कमी आले तर "अहो, त्यांचं शिक्षणच कमी असेल" असं म्हणायला जागाच उरत नाही.

मग आकडे. गोऱ्यांच्या वाटणाऱ्या नावांना ९.६५ टक्के कॉल आले, कृष्णवर्णीयांच्या वाटणाऱ्या नावांना ६.४५. हा फरक दोन्ही पद्धतीने लिहा, ३.२ टक्के-पॉइंट आणि साधारण दीडपट, कारण नुसतं "५० टक्के" लिहिलं की लोकांना वाटतं निम्म्यांना नोकरी नाकारली. आणि हे फक्त कॉल आहेत बरं का, नोकऱ्या नाहीत.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो रेझ्युमेच्या दर्जावरच्या भागाला. रेझ्युमे चांगला केला तर गोऱ्या नावांचे कॉल जवळपास ३० टक्क्यांनी वाढले, कृष्णवर्णीय नावांना मात्र त्याचा फायदा फारच कमी झाला. "शिका, मग सगळं आपोआप मिळेल" असं मुलांना सांगणाऱ्या प्रत्येकाने हा भाग वाचायलाच हवा, कारण मेहनत तेवढीच करूनही मोबदला सारखा मिळत नाही हे इथे उघड दिसतं.

यावरचे आक्षेपही शोधा. मोठा आक्षेप असा की नावावरून वर्णच नाही तर घरची आर्थिक परिस्थितीही ओळखली जाते, मग नेमकं कशामुळे नाकारलं? त्यासाठी समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजर यांचा अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातला २००३ चा अभ्यास सोबत वाचा, तिथे खरी तरुण मुलं स्वतः अर्ज करायला गेली होती. तुरुंगात जाऊन आल्याचं सांगणाऱ्या गोऱ्यांना १७ टक्के कॉल, आणि काहीही गुन्हा नसलेल्या कृष्णवर्णीयांना १४.

आपल्याकडचं हवं असेल तर सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा २००७ चा पेपर आहे, खाजगी कंपन्यांना दलित, मुस्लिम आणि सवर्ण हिंदू नावांनी अर्ज पाठवलेले. तो जरूर वाचा, फक्त त्यातले आकडे अमेरिकेतल्या आकड्यांशेजारी एकाच टेबलात टाकू नका, जाहिराती, नोकऱ्या आणि तुलनेचे गट सगळंच वेगळं आहे.