मिशनरी पोरं जेवायला येणार असतील तर

अमेरिकेतल्या युटा राज्यात, आमच्या लीहाय गावी राहायला आलेल्या आपल्या नव्या मंडळींचा मला महिन्या-दोन महिन्यांत हमखास फोन येतो. "ताई, शनिवारी दोन मिशनरी मुलं जेवायला येतायत, करू काय?" बहुतेकदा दारात बोलता बोलता नवऱ्यानेच आमंत्रण देऊन टाकलेलं असतं. आता युटामध्ये, त्यातून युटा काउंटीत राहायचं म्हणजे हे होणारच. स्वयंपाकाचं सांगतेच, पण आधी ही पोरं कोण आणि कशी राहतात ते ऐका. निम्मे घोळ तिथेच टळतात.

ही पोरं ज्या चर्चची, त्याचं पूर्ण नाव चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. लोक मॉर्मन म्हणतात, पण २०१८ मध्ये त्यांचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी पूर्ण नावाचा आग्रह धरला, तेव्हापासून आमचे शेजारी तो शब्द टाळतात. तुमच्या तोंडून निघाला म्हणून कोणी रागवत नाही. धर्मप्रचाराला मुलगे दोन वर्षांसाठी जातात, मुली दीड वर्षासाठी. २०१२ पासून मुलग्यांना अठराव्या वर्षीच निघता येतं, म्हणजे टाय लावून दारात उभा असलेला तो 'एल्डर' (मुलग्यांना असंच म्हणायचं) आपल्याकडच्या नुकत्याच बारावी झालेल्या पोराएवढा असतो. मुलींना 'सिस्टर' म्हणायचं. पुढे आडनाव लावायचं, पहिलं नाव खोदून विचारायचं नाही. पगार वगैरे काही नसतो. उलट अमेरिकेतल्या मुलाने किंवा त्याच्या घरच्यांनी महिन्याला ५०० डॉलर भरायचे (२०२० पर्यंत ४०० होते). कुठे जायचं ते चर्च ठरवणार, कोणाबरोबर राहायचं तेही चर्चच ठरवणार. जगभर अशी ७० हजारांहून जास्त मुलंमुली फिरत असतात.

त्यांचा दिवस साधारण असा असतो. साडेसहाला उठायचं, व्यायाम, आंघोळ, नाश्ता, मग धर्मग्रंथांचा अभ्यास, थोडा एकट्याने आणि थोडा जोडीदाराबरोबर, म्हणजे बरोबरच्या मिशनरीबरोबर. दहाच्या सुमाराला बाहेर पडायचं ते रात्री नऊ-साडेनऊला खोलीवर परत, साडेदहाला दिवे बंद. जोडीदाराला सोडून कुठे जायचं नाही. आठवड्यातला एक दिवस, बहुतेक ठिकाणी सोमवार, कपडे धुणं, वाणसामान, केस कापणं आणि घरी फोन यासाठी. दर आठवड्याला घरच्यांशी बोलण्याची ही सोयसुद्धा २०१९ पासूनची. त्याआधी आईचा आवाज ऐकायला मिळायचा तो नाताळला आणि मदर्स डेला. हे कळलं तेव्हापासून मी त्यांच्याशी जरा मऊ वागते, नाही म्हणत नाही.

आता आमंत्रण. जेवणासाठी त्यांच्याकडे साधारण तासभर असतो, त्यामुळे सहाला बोलावलंत तर सहाला ताटं वाढलेली हवीत. आपल्यासारखं "या हो सहाला" म्हणून साडेसातला कुकर लावायचा नाही. महिन्याचा पहिला रविवार बहुधा त्यांच्या उपासाचा असतो, त्या दिवशी दुपारचं बोलावू नका. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे मुलगे येणार असतील तर घरात एखादा मोठा पुरुष हवाच. बाई एकटी घरात असेल तर ते आत येत नाहीत. सिस्टर असतील तर घरात बाई हवी. ऐनवेळी नवऱ्याची मीटिंग लांबली की पोरं बाहेर पायरीवर उभी आणि आपण आतून "या ना, या ना" करतोय, असं होतं. त्यांच्या नियमात ते बसत नाही, त्यात तुमचा अपमान नाही. अशा वेळी सरळ ताटं बाहेर द्या. लहान बाळ कौतुकाने त्यांच्या हातात ठेवायलाही जाऊ नका, मुलं सांभाळायची नाहीत असं त्यांना बजावलेलं असतं.

चहा नाही, कॉफी नाही, दारू आणि सिगारेट तर नाहीच. पाहुणा आला आणि चहा टाकायचा नाही, हे आपल्या बायकांना फार जड जातं. हिरवा चहा आणि बाटलीतला गार चहासुद्धा त्यात आला. पण आपल्याकडे काय कमी आहे? उन्हाळ्यात पन्हं किंवा कोकम सरबत, थंडीत मसाला दूध. गवती चहाची पात आलं घालून उकळा, फक्त चहा पावडर घालू नका. कोक-पेप्सी चालतं, चांगलं दणकून चालतं. एक छुपी भानगड सांगून ठेवते. छोल्यांना रंग यावा म्हणून उकळताना चहाची पुरचुंडी टाकायची सवय असेल तर त्या दिवशी टाकू नका. त्यांना कळणार नाही हे खरं, पण आपल्याला तर माहीत असतं ना.

पदार्थ साधे ठेवा. पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, मटारभात, काकडीची कोशिंबीर, श्रीखंड. पुरी फुगताना बघायला दोघंही ओट्यापाशी येऊन उभे राहतात, तेवढी करमणूक होऊन जाते. ठेचा वेगळ्या वाटीत ठेवा आणि काय आहे ते सांगा. समोर येईल ते खाणं हा त्यांचा धर्म असल्यासारखी ही पोरं खातात, 'नको' म्हणत नाहीत. तिखटाने कान लाल होतील, डोळ्यांतून पाणी येईल, पण "फार छान आहे" म्हणतील. म्हणून आपला आग्रह इथे आवरायचा. युटात त्यांना चर्चची कुटुंबं आळीपाळीने जेवायला बोलावतात, कधी एकाच संध्याकाळी दोन घरं असतात. तुम्ही तिसऱ्यांदा पुरी वाढलीत तर ती जाईल पोटात, पण पुढच्या घरी त्या पोराचं काय होईल त्याचा विचार करा.

आमटी केलीत तर मांडीवर आणि छातीवर ठेवायला मोठे नॅपकिन द्या. पांढरा शर्ट आणि हळद! डाग पडलाच तर पोरं तिथल्या तिथे भांड्याचा साबण चोळतात आणि पिवळा डाग बघता बघता लालभडक होतो. मग चेहरे बघण्यासारखे होतात, कारण मोजके शर्ट आणि धुणं थेट सोमवारी. हळदीला साबण लागला की ती लाल होतेच. धुऊन टाका आणि शर्ट ओलाच कडक उन्हात घाला, एक-दोन उन्हांत बराचसा उडतो. ड्रायरमध्ये टाकू नका म्हणावं. इथे सगळं ड्रायरमध्ये टाकायची सवय असते, म्हणून मुद्दाम सांगावं लागतं.

जेवणाआधी ते प्रार्थना म्हणू का विचारतील. हो म्हणायला हरकत नाही, हात जोडून शांत बसायचं. जेवणानंतर "पाच मिनिटं एक विचार सांगू का?" हेही येणारच. त्यासाठीच ते घरदार सोडून आलेले आहेत, तेव्हा जेवायला बोलावून त्याचा राग करण्यात अर्थ नाही. नको असेल तर आमंत्रण देतानाच सांगा की आम्ही हिंदू आहोत, धर्म बदलायचा नाही, नुसतं जेवायला या. तरी येतात, मजेत जेवतात. घोटाळा होतो तो आपल्या 'बघू' आणि 'या परत कधीतरी'ने. आपल्या लेखी तो नकार असतो, त्यांच्या लेखी होकार. मंगळवारी पाच वाजता मुलं दारात! बुक ऑफ मॉर्मन हा त्यांचा धर्मग्रंथ फुकट देतात. घेतलंत तर पुढच्या खेपेला "किती वाचलं?" विचारणार, म्हणून वाचायचं असेल तरच घ्या. स्पष्ट 'नाही' त्यांना दिवसातून किती वेळा ऐकावं लागतं, तुमच्या एका नाहीने काही बिघडत नाही.

देवघराबद्दल विचारतील, खुशाल दाखवा. प्रसाद देताना मात्र हा देवाला दाखवलेला नैवेद्य आहे एवढं आधी सांगा, मग घ्यायचा की नाही ते त्यांनी ठरवावं. बेंगळुरूला त्यांचं मंदिर होणार असं २०१८ मध्ये जाहीर झालं, त्यामुळे भारत म्हटलं की पहिलं बेंगळुरूच निघतं. मग पुणं कुठे, मुंबई कुठे, हे फोनवर नकाशा काढून दाखवत बसायचं.

निघताना "काही काम आहे का?" विचारतील. हे तोंडदेखलं नसतं. लाजू नका. बर्फ उपसणं, पानं गोळा करणं, सोफा वरच्या मजल्यावर चढवणं, घर बदलताना खोकी उचलणं, सगळं करतात. पैसे घेत नाहीत, हातात कोंबू नका. फक्त छपरावर चढवू नका, कोणाच्या तरी घरचं पोर आहे. आणि त्यांच्या गाडीतून विमानतळावर सोडायला सांगू नका, त्यात फक्त मिशनरीच बसतात.

उरलेलं बांधून द्या, खोलीवर बहुतेक कॉर्नफ्लेक्ससारखं सीरियल आणि गोठवलेले बरिटो, म्हणजे सारण भरलेल्या पोळीच्या गुंडाळ्याच असतात. पण स्टीलचा डबा देऊ नका. दर सहा आठवड्यांनी बदल्यांची यादी निघते, आणि आज जेवून गेलेलं पोर कळायच्या आत दुसऱ्या गावी गेलेलं असतं. नवीन येणाऱ्याला डबा कोणाचा ते ठाऊक नसतं. माझे दोन चांगले डबे असेच कुठेतरी फिरतायत. दह्याचे रिकामे डबे धुऊन साठवून ठेवत जा, त्यातूनच द्यायचं.