ट्रायथलॉनचे शब्द : सोलापूरच्या नवशिक्यांनी ते कसे आत्मसात करावेत

ट्रायथलॉनमध्ये पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे हे तिन्ही प्रकार याच क्रमाने, मध्ये घड्याळ न थांबवता पूर्ण करायचे असतात. त्यातील शब्द पाठ करत बसण्यापेक्षा ते स्पर्धेत ज्या क्रमाने भेटतात, त्या क्रमाने सरावात उतरवावेत.

प्रथम अंतर निश्चित करावे. ‘स्प्रिंट’ या नावावरून शंभर मीटरची शर्यत डोळ्यांपुढे येत असली, तरी येथे त्याचा अर्थ ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे असा आहे. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकपासून खेळले जाणारे ‘ऑलिम्पिक’ अंतर याच्या बरोबर दुप्पट असते. त्यातली सायकल म्हणजे साधारण सोलापूर ते अक्कलकोट. पहिल्या वर्षी स्प्रिंटच पुरे.

पोहताना ‘सायटिंग’ लागते. जलतरण तलावाच्या तळाशी रेघ असते, खुल्या पाण्यात ती नसते. म्हणून दर सहा-आठ हातांनंतर केवळ डोळे पाण्याबाहेर काढून समोरची खूण पाहण्याची सवय तलावातच लावून घ्यावी. सरावासाठी एकट्याने कोणत्याही तळ्यात उतरू नये.

पाण्यातून सायकलीकडे जाण्याचा टप्पा ‘टी-वन’ आणि सायकलीवरून धावण्याकडे वळण्याचा ‘टी-टू’. या दोन्ही ‘ट्रान्झिशन’चा वेळ एकूण वेळेत धरला जातो, तरीही नवशिके नेमका याचाच सराव करत नाहीत. इमारतीच्या वाहनतळात टॉवेल अंथरून त्यावर हेल्मेट, बूट आणि क्रमांकाचा पट्टा वापराच्या क्रमाने मांडावा. हेल्मेटची पट्टी हनुवटीखाली लावल्याशिवाय सायकलीला हात लावायचा नाही आणि ‘माउंट लाइन’ ओलांडल्याशिवाय सायकलीवर बसायचे नाही, हे नियम हाता-पायांत मुरेपर्यंत ही कृती दहा वेळा करावी.

पुढच्या सायकलस्वाराच्या आडोशाने वारा चुकवणे म्हणजे ‘ड्राफ्टिंग’. हौशी गटांत त्यावर बहुधा बंदी असते.

सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘ब्रिक’, म्हणजे सायकल आणि धावणे यांचा सलग सराव. सायकलीवरून उतरताच धावू लागले की पाय विटांसारखे जड वाटतात. आठवड्यातून एकदा १५ किलोमीटर सायकल चालवून लगेच दहा मिनिटे सावकाश धावावे. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा हा सराव सूर्य वर येण्यापूर्वीच संपवावा.

शरीरातील कर्बोदकांचा साठा संपून अचानक गळून जाणे म्हणजे ‘बॉंक’. दीर्घ अंतराच्या सरावात ठरावीक वेळाने केळे किंवा खजूर खावा आणि स्पर्धेच्या दिवशी तेच खावे; शेंगा चटणी आणि कडक भाकरी (कितीही आवडती असली तरी) शर्यत संपल्यावरच.

निकालात नावापुढे ‘डीएनएफ’ असेल, तर स्पर्धक शर्यत पूर्ण करू शकला नाही असे समजावे. ‘कट-ऑफ’ म्हणजे ठरवून दिलेली कमाल वेळ न पाळल्यानेही हा शेरा मिळू शकतो. म्हणून प्रवेश शुल्क भरण्यापूर्वी प्रत्येक टप्प्याची कट-ऑफ वेळ नियमावलीत पाहून आपल्या सरावातील वेळेशी ताडून घ्यावी.