जुन्या आणि नव्या कुरणांतील गवताचा फरक कसा तपासावा

नव्याने पेरलेल्या कुरणात एकाच जातीच्या गवताची रोपेही परस्परांहून बरीच भिन्न असतात. पुढे वर्षानुवर्षांची चराई, कापणी आणि खते सोसून जी टिकतात, त्यांचेच फुटवे कुरणभर पसरतात. मात्र जुने गवत खुजे दिसते ते आनुवंशिक निवडीमुळे की केवळ सततच्या चराईमुळे, हे कुरणात उभे राहून ठरवता येत नाही.

म्हणून प्रथम माती, उतार आणि ओल शक्य तितकी सारखी असलेली कुरणे निवडावीत. शेवटची नांगरणी, पेरलेले बियाणे, चराईचे दिवस आणि खते यांची नोंद करावी. वय आणि व्यवस्थापन दोन्ही एकाच वेळी बदलत असतील, तर फरकाचे कारण उलगडणार नाही. त्यानंतर ५० सेंटिमीटर बाजूची चौकट, जागा न निवडता, अनेक ठिकाणी टाकून प्रत्येक वेळी आतील जाती लिहाव्यात.

सर्व कुरणांत आढळणारी एक जात घेऊन तिचे फुटवे मुळांसह काढावेत. दोन फुटव्यांत किमान ५ मीटर अंतर ठेवावे, कारण शेजारचे फुटवे बहुधा एकाच रोपाचे असतात. सर्व फुटवे सारख्या मातीच्या कुंड्यांत लावावेत आणि कुंड्यांची सरमिसळ करावी. येथे घाई करू नये: फुटव्यात मूळ जागेचा जोम काही काळ शिल्लक राहतो, म्हणून वाढलेले रोप पुन्हा विभागून नव्याने लावावे आणि मगच मोजमाप घ्यावे. पात्याची लांबी, फुटव्यांची संख्या आणि तुरा येण्याचा दिवस नोंदवावा. रोप उभे वाढते की जमिनीलगत पसरते, हेही पाहावे. जमिनीलगतच्या रोपाचा वाढबिंदू आणि बरीचशी पाती गुरांच्या तोंडी लागत नाहीत, त्यामुळे कडक चराईत ते तगते.

सारख्या कुंड्यांतही फरक टिकला, तर तो आनुवंशिक समजावा. इंग्लंडमधील रॉदमस्टेड येथे १८५६ पासून चाललेल्या ‘पार्क ग्रास’ प्रयोगात, निरनिराळी खते दिलेल्या लगतच्या वाफ्यांतील एकाच जातीच्या गवतात असाच आनुवंशिक फरक आढळला आहे.

शेवटी निम्म्या कुंड्या दर तीन आठवड्यांनी जमिनीपासून ३ सेंटिमीटरवर कापाव्यात. चराईच्या कुरणातील रोपे या कापणीत इतरांपेक्षा लवकर सावरली, तर त्या कुरणात चराईने निवड घडवली या अनुमानाला बळ मिळते.